खिंडारापुढची गोष्ट

दिवाळी आली की आमच्या अंगणात किल्ला होतो. इतरांकडे रायगड, प्रतापगड होतात. आम्ही पडलो नगरकर, तेव्हा आमचा बहुधा भुईकोट असतो. त्याला डोंगर लागत नाही. गोल तट आणि भोवती खंदक एवढे साधले की झाले. यंदा नातीने खंदकात हौसेने दोन कळशा पाणी ओतले आणि तटाची एक बाजू ढासळून खाली आली. आता ही रडणार म्हणून मी पुढे झाले, तर बाईसाहेब टाळ्या पिटत म्हणाल्या, "आजी, खिंडार पडलं! आता चांदबिबी येणार!"

बाजारात शिवाजीमहाराज मिळतात, मावळे मिळतात. चांदबिबी मिळत नाही. तेव्हा चित्रांच्या टोपलीतली एक गवळण तिने उचलली, हातात काडेपेटीची काडी दिली आणि खिंडारात उभी केली.

ही गोष्ट तिला मी सांगितलेली. मला माझ्या आजीने. सुरुंग उडतो, तट कोसळतो, आणि हातात नंगी तलवार घेऊन राणी खिंडारात येते. गोळे संपतात तेव्हा तोफांत तांब्याची नाणी ठासते, मग रुप्याची, मग सोन्याची, आणि शेवटी अंगावरचे दागिने. उजाडते तो तट पुन्हा उभा! इथे आजी थांबत असे आणि आम्ही सुखाने झोपी जात असू. शाळेच्या सहलीला 'चांदबिबीच्या महाला'वर गेले, तेव्हा तिथल्या कबरीपुढे माझे डोळे भरून आले होते. ती अठकोनी तीन मजली इमारत सलाबतखान या वजिराची कबर आहे, हे पुष्कळ वर्षांनी कळले. माझे ते अश्रू भलत्याच ठिकाणी खर्ची पडले!

संसारातून जरा मोकळी झाल्यावर मी ही गोष्ट पुन्हा वाचायला घेतली, आणि पहिल्यांदा ध्यानात आले ते राणीचे वय. आमच्या मनातली चांदबिबी विशीतली असे. वेढ्याच्या वेळी ती पंचेचाळिशीच्या आसपास होती. पंधरा वर्षांची विधवा. पोटी मूल नाही. १५८० मध्ये नवरा, विजापूरचा अली आदिलशहा, मारला गेला तेव्हा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम तिच्या ओटीत आला. त्याच्या नावाने तिने राज्य सांभाळले, आणि त्यापायी किश्वरखान या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेतही टाकले. पुढे सुटली, माहेरी नगरला परतली, तर १५९५ मध्ये तिथेही तेच! एकाच वर्षात दोन सुलतान गेले, सरदारांचे तट पडले, आणि त्यांतल्या एका गटाने गुजरातेतून मोगल शहजादा मुराद याला स्वतःच बोलावून घेतले. भावाचा तान्हा नातू बहादूर, त्याचे तख्त आणि दाराशी आलेली फौज, सारे या आत्याआजीवर येऊन पडले.

मुलाच्या नावाने राज्य चालविणे म्हणजे काय, हे तिने आईच्या आयुष्यात पाहिले होते. तिची आई खुंझा हुमायून हिने नवऱ्यामागे धाकट्या मुर्तझासाठी कारभार केला; १५६९ मध्ये त्याच मुलाने तिला कैद केले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही हस्तलिखित पोथी आहे. तिच्यात सुलतानाशेजारी बसलेली ही राणी बहुतेक चित्रांतून नंतर रंग फासून पुसून टाकलेली आहे. राजा जागच्या जागी आहे. शेजारी नुसता डाग. चांदबिबी ही त्या आईची लेक.

१५९५ च्या डिसेंबरात वेढा पडला. मोगलांकडून आलेल्यांत खानखानान अब्दुर्रहीमही होता; शाळेत ज्याचे दोहे घोकतात तोच हा रहीम! त्याचे आणि मुरादचे मुळीच पटत नव्हते. मोगली छावणीतल्याच एका माणसाने सुरुंगांची बातमी आत पोचविली. दोन सुरुंग निकामी झाले. पुढच्याचा शोध चालू असतानाच त्याला बत्ती लागली. तट फुटला. बुरखा घेतलेली राणी तलवार उपसून तिथे आली, आणि रातोरात खिंडार बुजले, हे तिच्याच काळातला इतिहासकार फिरिश्ता सांगतो. सोन्याच्या गोळ्यांची मात्र दंतकथाच समजावी. तो दगडी तट तिच्या बापाने, हुसेन निजामशहाने, बांधलेला होता.

आजी थांबत असे ती इथे. चांदबिबीला थांबता आले नाही. किल्ल्यातली माणसे थकली होती. बाहेर मोगलांचाही दाणागोटा आटत चालला होता आणि विजापूरची कुमक वाटेवर होती. १५९६ च्या आरंभी तिने तह केला. १५७४ मध्ये तिच्या भावाने जिंकलेला वऱ्हाड तिने सोडून दिला आणि बहादूरचे तख्त राखले. ज्या बाईने घर चालविले आहे तिला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. एक दागिना मोडून घर राहत असेल तर ती मोडते, आणि त्याचा पोवाडा कोणी गात नाही.

चार वर्षांनी शहजादा दानियालची फौज पुन्हा तटाखाली आली. सरदारांची भांडणे तशीच. किल्ला द्यावा आणि मुलाला घेऊन जुन्नरला निघून जावे, असा विचार तिने विश्वासातल्या एकाजवळ बोलून दाखविला. तो "राणी मोगलांना मिळाली!" म्हणून ओरडत बाहेर धावला. जमाव महालात घुसला आणि ज्यांच्यासाठी ती खिंडारात उभी राहिली होती, त्यांच्याच हातून ती मेली. थोड्याच दिवसांत, १६०० च्या ऑगस्टात, सुरुंग उडाले आणि किल्ला पडला. बहादूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून गेला. त्याचे वय शाळेत जाण्याचे.

हे नातीला सांगावे का? सणासुदीचे दिवस, मी घुटमळले. पण तिनेच विचारले, "मग पुढं काय झालं?" माझ्या आजीला हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. मी सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तह केला म्हणजे ती हरली?"

"तुला काय वाटतं?"

उत्तर न देता ती उठली आणि अंगणात गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नानाआधी पणत्या लावायला मी बाहेर आले. तट लिंपून नीट केलेला होता. गवळण मात्र खिंडारापाशी नव्हती. किल्ल्याच्या आत, सर्वांत लहान मावळ्याला पाठीशी घालून ती उभी होती. काडी अजून हातातच होती.

मी एक पणती उचलून तिथे आत ठेवली.