बिरवाडी ते वरंध घाट : जंगलातली सोपी वाट

सह्याद्रीच्या रानातून स्वतः गाडी चालवत जावे, पण अवघड चढ-खडकांची परीक्षा नको, असे वाटणाऱ्यांसाठी महाड तालुक्यातील बिरवाडीहून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता उत्तम आहे. त्यासाठी खास गाडीची गरज नाही. गरज आहे ती योग्य ऋतू निवडण्याची.

काळ नदीकाठचे बिरवाडी हे या खोऱ्याचे बाजाराचे गाव. महाडची औद्योगिक वसाहत मागे पडली की भातखाचरे लागतात आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. हा सारा मुलूख जावळीच्या मोऱ्यांचा. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली आणि हे खोरे स्वराज्यात आले. महाड हे त्या काळी सावित्रीवरील बंदर होते. तेथे उतरलेला माल घाटवाटांनी देशावर जाई.

शिवथरघळ

वरंधच्या रस्त्यावर बारसगावहून कुंभे शिवथरकडे फाटा फुटतो. समर्थ रामदासांनी येथील घळीत दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी समर्थभक्तांची श्रद्धा आहे. विस्मरणात गेलेली ही घळ धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये शोधून काढली. पावसाळ्यात घळीशेजारी मोठा धबधबा कोसळतो.

घाट आणि कावळ्या किल्ला

माझेरी सोडल्यावर वळणे सुरू होतात. घाटमाथ्यावरील कावळ्या किल्ला या वाटेच्या पहाऱ्यासाठी होता. आजचा रस्ता त्याच्या मधूनच जातो, त्यामुळे गडाचे दोन भाग झाले आहेत. वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबवून खालचे शिवथर खोरे जरूर पाहावे. पुढे नीरा देवघर धरणाच्या जलाशयाकाठाने रस्ता भोरला, म्हणजे १९४८ पर्यंत पंतसचिवांची राजधानी असलेल्या गावी पोचतो.

पावसाळ्यात नको

या डोंगरांचे दुसरे रूप विसरता येत नाही. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत तळिये गावच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. वरंध घाटातही दरडी कोसळतात, रस्ता खचतो. म्हणूनच अलीकडच्या वर्षांत प्रशासनाने पावसाळ्यात हा घाट वाहतुकीसाठी वेळोवेळी बंद ठेवला आहे. ही बंदी मोडून जाण्यात शौर्य नाही. अडकलेल्या गाडीसाठी धावून येतात ती याच वाड्यांतील माणसे, आणि तेव्हा त्यांची स्वतःची घरेही धोक्यात असतात.

हे लक्षात ठेवा

* नोव्हेंबर ते मे हा काळ योग्य. निघण्यापूर्वी महाड किंवा भोर येथे रस्ता सुरू असल्याची खात्री करावी.
* उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरावे.
* अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. तसा नियमच आहे.
* राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणे गुन्हा आहे. रस्ता सोडू नये.
* उन्हाळ्यात रान वाळलेले असते. विडी-सिगारेटचे थोटूक टाकू नये, चूल पेटवू नये.

कसे जाल : मुंबई-गोवा महामार्गावर महाडच्या पुढे राजेवाडी फाट्यावरून वळल्यावर बिरवाडी लागते. महाडहून शिवथरघळ सुमारे ३० किलोमीटर आहे. पुण्याहून येणाऱ्यांनी भोरमार्गे घाट उतरून यावे. गाडीत इंधन महाड किंवा भोर येथेच भरून घ्यावे आणि अंधार पडण्यापूर्वी घाट पार करावा.