शिष्यवृत्तीचा अर्ज : कुटुंबातील किती विद्यार्थी मोजावेत?

महाविद्यालयीन प्रवेश पूर्ण होत आले की शिष्यवृत्तीच्या अर्जांची लगबग सुरू होते. नागपूर महाधर्मप्रांतातील काही कुटुंबांत एकाच वेळी दोन वा तीन मुले महाविद्यालयात असतात. हमीपत्रात मुलांची संख्या लिहिताना असे पालक अडखळतात. त्यांच्या सोयीसाठी आम्ही पुढील माहिती देत आहोत.

काय मोजायचे?

शिधापत्रिकेवरील माणसे, शिकणारी मुले आणि योजनेचा लाभ घेणारी मुले या तीन निरनिराळ्या संख्या आहेत. मर्यादा असते ती तिसऱ्या संख्येवर. घरात तीन मुले शिकत असणे ही अपात्रता नव्हे. त्याच योजनेचा लाभ किती जणांना द्यायचा, एवढाच प्रश्न असतो.

योजनांनुसार नियम

१. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती : अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा असतो. उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ८ लाख रुपये आहे. एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो. त्यासाठी हमीपत्र द्यावे लागते व पडताळणीसाठी शिधापत्रिका जोडावी लागते.

२. इतर मागास वर्गाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा महाराष्ट्रात या वर्गात समावेश होतो. येथे दोनची मर्यादा मुलग्यांना आहे, मुलींना नाही.

३. अनुसूचित जमातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने आदिवासी बांधवांचा जमातीचा दर्जा जात नाही. या केंद्रीय योजनेत एकाच पालकांची सर्व अपत्ये पात्र ठरतात.

४. केंद्राची अल्पसंख्याक मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : २००७-०८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत उत्पन्नाची मर्यादा २ लाख रुपये होती व एका कुटुंबातील दोनच विद्यार्थ्यांना लाभ देण्याची अट होती. पुष्कळांच्या मनात 'दोन मुले' हा आकडा तिथूनच बसला आहे. तो सर्व योजनांना सरसकट लावू नये.

भावंडांचे शुल्क वजा होते का?

होत नाही. तहसीलदारांच्या दाखल्यावरील उत्पन्नच धरले जाते. दुसऱ्या मुलाचे शुल्क त्यातून वजा केले जात नाही. ज्यांचे आप्त अमेरिकेत आहेत, त्यांनी वेगळे ऐकलेले असते. तेथील 'फाफ्सा' या अर्जात महाविद्यालयात शिकणाऱ्या भावंडांच्या संख्येनुसार कुटुंबाचा अपेक्षित वाटा विभागला जाई. २०२४-२५ पासून तेथेही ही सवलत केंद्रीय मदतीच्या हिशेबातून काढून टाकण्यात आली.

मुलीचा हक्क

दोन भावांचे अर्ज आधी भरले जातात आणि धाकट्या बहिणीची पाळी येते तेव्हा मर्यादा संपलेली असते. पालकांनी असे होऊ देऊ नये. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्कात १०० टक्के सवलत मिळाली आहे. कुणाचा अर्ज कोणत्या योजनेत करायचा, हे वर्षारंभीच सर्व मुलांना एकत्र बसवून ठरवावे. शुल्क कुणाचे अधिक आहे, कुणाला अन्य योजना उपलब्ध आहे, हे पाहावे.

खरे तेच लिहावे

हमीपत्रावरची सही ही साक्षच होय, आणि खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपणांस ठाऊक आहे. तिसरे अपत्य लपवून मिळविलेली रक्कम परत करावी लागू शकते, आणि ती ज्याला मिळायला हवी होती असा दुसरा विद्यार्थी वंचित राहतो. शंका असल्यास महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात त्या वर्षाची नियमावली पाहावी. ज्यांचे अपत्य मर्यादेमुळे बाहेर राहते, त्यांनी संकोच न करता आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंशी बोलावे. पैशाअभावी कुणाचे शिक्षण थांबू नये, ही जबाबदारी आपणां सर्वांची आहे.