पेशीतलं घड्याळ आणि रात्रपाळी
आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं. ‘पिरियड’ जनुकापासून बनणारं प्रथिन साठत जातं, त्याच जनुकाला बंद करतं, मग नष्ट होतं. हा फेरा साधारण २४ तासांचा. या यंत्रणेच्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं, यकृताचं बरंचसं जेवणाच्या वेळेवर. हिंजवडीत नाईट शिफ्ट करून मध्यरात्री बिर्याणी खाल्ली की दोघांचा मेळ तुटतो. रात्री इन्सुलिनचा परिणाम कमी, त्यामुळे साखर जास्त चढते. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह, हृदयविकार जास्त आढळतात. रमजानमध्ये तरावीह-सहरीने झोप तुटते, पण ती महिनाभरच. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून डोस आणि वेळा ठरवून घ्याव्यात.