एका डोळ्याचा न्यायाधीश : अल्बियन तूरझे

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळात जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’चं वाचन झालं, तेव्हा अर्पणपत्रिकेवर गाडी बराच वेळ अडली होती, हे काहींना आठवत असेल. १८७३ सालचं पुस्तक; जोतीरावांनी ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी नीग्रो गुलामांना मुक्त केलं म्हणून. तेव्हा मागच्या रांगेतून एका काकांनी विचारलं होतं, “ते सगळं ठीक, पण त्या सुटलेल्या माणसांचं पुढं झालं काय?” त्या दिवशी कुणालाच धड सांगता आलं नाही. मी शोधायला बसलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. आपल्याकडे त्याचं नाव जवळजवळ कुणाला ठाऊक नाही. खुद्द अमेरिकेतही बरीच वर्षं नव्हतं.

अल्बियन वाइनगर तूरझे. जन्म २ मे १८३८, ओहायो राज्यातल्या विल्यम्सफील्डचा. आई लहानपणीच गेली, आणि पोरवयातच एका अपघातात एका डोळ्याची दृष्टी गेली. रॉचेस्टरच्या विद्यापीठातलं शिक्षण अपुरं असतानाच १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, आणि हा एकाक्ष तरुण न्यूयॉर्कच्या २७ व्या पायदळ पलटणीत भरती झाला. जुलैमध्ये बुल रनची पहिली लढाई. उत्तरेच्या फौजेची पळापळ झाली आणि त्या गर्दीत आपल्याच बाजूच्या तोफगाड्याचं चाक त्याच्या पाठीत बसलं. कण्याला मार लागून काही काळ त्याचे पाय लुळे पडले होते. कुणीही घरी बसला असता. हा वर्षभरात ओहायोच्या १०५ व्या पलटणीत लेफ्टनंट होऊन परत उभा! पेरीव्हिलला पुन्हा जखमी, १८६३ च्या जानेवारीत शत्रूच्या हाती कैद, मे महिन्यात अदलाबदलीत सुटका, आणि सुटल्यावर आठवड्याभरात एमा किलबर्नशी लग्न. चिकमॉगाची लढाईही त्यानं पाहिली. त्या वर्षाअखेर मात्र पाठीनं हात टेकले आणि त्यानं राजीनामा दिला. पाठीचं दुखणं जन्मभर पुरलं.

खरी गोष्ट इथून पुढं आहे. युद्ध संपल्यावर १८६५ च्या शरद ऋतूत नवराबायको नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोला राहायला गेले. हरलेल्या दक्षिणेत बिऱ्हाड मांडणाऱ्या उत्तरेच्या लोकांना तिकडे ‘कार्पेटबॅगर’ म्हणत. गालिच्याच्या कापडाची पिशवी खांद्याला लावून लुटायला आलेला उपरा, असा त्याचा अर्थ. तूरझेनं लुटलं म्हणावं तर त्याचा रोपवाटिकेचा धंदाच बुडाला. पण १८६८ मध्ये राज्याची नवी घटना लिहायला जी परिषद बसली, तिच्यात तो निवडून गेला आणि तिथं त्यानं पुष्कळ काम केलं. पदासाठी मालमत्तेची अट गेली, न्यायाधीश लोकांनी निवडायचे ठरलं, सरकारी मोफत शाळा आल्या, चाबकाच्या शिक्षा बंद झाल्या. आणि गंमत अशी, की त्याच घटनेप्रमाणे तो स्वतः वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश निवडून आला. वय तीस.

सहा वर्षं, १८७४ पर्यंत, तो गिलफर्ड, ॲलमन्स, कॅसवेल वगैरे परगण्यांतून फिरतं न्यायालय चालवीत होता. आणि हेच परगणे म्हणजे कु क्लक्स क्लानचं आगर. २६ फेब्रुवारी १८७० च्या रात्री ग्रॅहम गावात वायट आउटलॉ या काळ्या पुढाऱ्याला घरातून ओढून काढून कोर्टाच्या इमारतीजवळच्या झाडाला फाशी दिलं. मुद्दाम कोर्टाजवळ. मे महिन्यात तूरझेचा स्नेही, राज्याचा सिनेटर जॉन स्टीफन्स, यान्सीव्हिलच्या कोर्टाच्याच तळमजल्यावर मारला गेला. वर सभा चालू होती. या खुनाची कबुली एका मारेकऱ्यानं लिहून ठेवली होती. ती उघडली गेली १९३५ साली, तो मेल्यावर!

तूरझेनं या अत्याचारांबद्दल एका सिनेटरला खाजगी पत्र लिहिलं. ते न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आलं. छापताना आकडे फुगवले गेले असं त्याचं म्हणणं होतं, पण विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. धमक्या तर रोजच्याच झाल्या. तरी १८७१ च्या अखेरीस ॲलमन्समध्ये त्यानं आउटलॉच्या खुनाबद्दल अठरा जणांवर आरोप ठेवायला लावलेच. शिक्षा किती जणांना झाली? एकालाही नाही. विधिमंडळ तोवर जुन्या मालकवर्गाच्या हाती गेलं होतं; त्यांनी आधी कायदा रद्द केला आणि मग १८७३ पासून सर्वांना माफी देऊन टाकली. म्हणजे इकडे पुण्यात जोतीराव ज्या साली अर्पणपत्रिका लिहीत होते, त्याच साली तिकडे हे चाललं होतं. यात जोतीरावांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. इतक्या लांबून ज्योतच दिसते, काजळी दिसत नाही.

१८७८ मध्ये काँग्रेसच्या निवडणुकीत पडल्यावर तूरझेनं गाशा गुंडाळला. पाठोपाठ त्याची कादंबरी आली, ‘अ फूल्स एरंड’, म्हणजे मूर्खाची वणवण. आधी निनावीच, ‘मूर्खांपैकी एक’ अशा सहीनं. ती प्रचंड खपली. आलेल्या पैशांतून न्यूयॉर्क राज्यातल्या मेव्हिलला त्यानं घर घेतलं आणि त्याला जर्मन वळणाचं नाव दिलं, ‘थोरहाइम’, मूर्खाचं घर. पुढं एक साप्ताहिक काढून बहुतेक पैसा त्यात घालवला, ते जाऊ दे.

१८९० मध्ये लुइझियाना राज्यानं कायदा केला : आगगाडीत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे. न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या नागरिकांनी समिती स्थापली, आणि शिकागोच्या वर्तमानपत्रात काळ्यांच्या हक्कांवर सदर लिहिणाऱ्या तूरझेला वकील नेमलं. त्यानं फी घ्यायची नाही असं कळवलं. खटला मुद्दाम घडवून आणायचा होता, म्हणून सगळं आधीच ठरवलेलं होतं. रेल्वे कंपनीला कुणकुण होती (जादा डब्यांचा खर्च तिलाही नकोच होता), अटक करायला माणूससुद्धा समितीनंच भाड्यानं ठेवलेला. होमर प्लेसी या दिसायला गोऱ्या, पण आठव्या हिश्श्यानं काळ्या वंशाच्या तरुणानं ७ जून १८९२ रोजी पहिल्या वर्गाचं तिकीट काढलं, गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि पकडला गेला.

तूरझेचा युक्तिवाद वाचताना मजा येते. तो विचारतो, माणूस कोणत्या वंशाचा हे ठरवायचा अधिकार कंडक्टरला कुणी दिला? गोरा म्हणून ओळखलं जाणं ही या देशात मोठी मालमत्ता आहे; ती रेल्वेचा नोकर कशी काढून घेतो? आणि त्या कायद्यात एक अपवाद होता : गोऱ्या मुलाला सांभाळणारी काळी दाई गोऱ्यांच्या डब्यात चालते. म्हणजे विटाळ रंगाचा नव्हेच. दासी म्हणून बसली तर चालते, तिकीट काढून बरोबरीनं बसली की चालत नाही. हे वाचून आपल्याकडच्या किती चाली आठवतात, ते सांगायला नको.

जिंकण्याची आशा त्याला फारशी नव्हती. न्यायालय आपल्या बाजूचं नाही, उशीर झाला तर बरंच, असं त्यानं १८९३ मध्येच लिहून कळवलं होतं. १८ मे १८९६ ला सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध एक असा निकाल दिला : वेगळे डबे घटनेत बसतात. उलट मत एकट्या जॉन मार्शल हार्लनचं, जो स्वतः गुलाम बाळगणाऱ्या केंटकी घराण्यातला. कायदा रंगांधळा असावा ही तूरझेच्या कैफियतीतली कल्पना हार्लनच्या मतात आली आणि गाजली ती हार्लनच्या नावानं. त्याच मतपत्रात चिन्यांबद्दल काय लिहिलंय, ते मात्र कुणी फारसं सांगत नाही.

हा निकाल १९५४ पर्यंत टिकला. आपल्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला उतरले, तेव्हा त्या देशात हाच निकाल चालू होता.

प्लेसीनं १८९७ च्या जानेवारीत गुन्हा कबूल करून २५ डॉलर दंड भरला. त्याच वर्षी तूरझेला फ्रान्समध्ये बोर्दोला वकिलातीचं काम मिळालं. तिथंच २१ मे १९०५ रोजी तो वारला. अस्थी मेव्हिलला आणल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात नायगारा चळवळीच्या लोकांनी, म्हणजे ड्यू बॉइस यांच्या मंडळींनी, गॅरिसन आणि फ्रेडरिक डग्लस यांच्या जोडीला तूरझेच्याही स्मरणार्थ सभा घेतल्या. प्लेसीला लुइझियानाच्या गव्हर्नरनं माफी दिली, ती २०२२ साली.