फरशी घोटणाऱ्यांचा इतिहास

श्रोतेहो, ज्या सभागृहात आपण बसलो आहोत त्याच्या प्रवेशद्वाराशी संगमरवरी पाटी आहे. तीवर देणगीदारांची नावे आहेत, अध्यक्षांचे आहे, इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराचेही आहे. पाटी वाचून झाली की आपण ज्यावर उभे असतो त्या मोझाईकच्या फरशीकडे मात्र कोणी पाहत नाही. आज आम्ही आपल्याला खाली पाहण्याची विनंती करणार आहोत. आमचे शाळेचे शिक्षण सातवीपाशी संपले. पुढचे सारे बांधकामावर आणि संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा ही विद्वानांची मांडणी नव्हे. ज्यांच्यात आमचे आयुष्य गेले त्यांच्या धंद्याचा हा इतिहास आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. आपण जिला मोझाईक म्हणतो तिचे खरे नाव टेराझो. मोझाईकमध्ये एकेक तुकडा हाताने लावून चित्र साधतात. टेराझोत दगडाचे बारीक तुकडे मालात मिसळून पसरतात, आणि तो थर घट्ट झाल्यावर वरून घासतात. घासण्यापूर्वी ती फरशी काळपट, खडबडीत आणि कुरूप असते. दगडाचा रंग आत दडलेला असतो, तो घोटल्यावाचून वर येत नाही. म्हणजे या फरशीचे सौंदर्य घालणाऱ्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, घोटणाऱ्याचे असते. हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढची सारी हकीकत त्याच्याभोवती फिरते.

या कामाचे माहेर व्हेनिस. तेथील वाडे पाण्यातल्या चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभे. जमीन थोडीथोडी खचणार हे गृहीतच. मोठ्या दगडी फरश्या तेथे तडकत. चुना, विटेचा चुरा आणि दगडाचे तुकडे यांचा थर मात्र थोडा लवून घेई, आणि चीर पडली तर तेवढाच भाग नव्याने भरता येई. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कारागिरांनी व्हेनिसमध्ये आपला स्वतंत्र संघ स्थापन केला. नेपोलियनच्या अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, असले सारे संघ मोडीत निघाले. परंतु सुमारे दोनशे वर्षे फरशीवाल्याला त्या शहरात स्वतःचे नाव होते.

हे कारागीर पुष्कळदा व्हेनिसचे नसत. ते ईशान्येकडील फ्रिउली प्रांतातून येत. स्पिलिम्बेर्गो व सेक्वाल्स ही तेथील गावे. तालियामेंतो व मेदुना या नद्यांची पात्रे गोट्यांनी भरलेली, शेती बेताची. जी जमीन धान्य देईना तिने रंगीत दगड दिले, आणि लोकांनी त्यांचाच धंदा केला. माल पसरायचा, जड रूळ फिरवायचा, लोखंडी फळीने बडवायचा आणि मग लांब दांड्याला बांधलेला वजनदार दगड पुढेमागे ओढीत दिवसचे दिवस घासायचे. शेवटी जवसाचे तेल जिरवायचे. आपल्या कोकणातला माणूस जसा मुंबईला निघाला, तसा फ्रिउलीचा माणूस एकोणिसाव्या शतकात पॅरिसला, जर्मनीला आणि पुढे अमेरिकेला गेला. १८७५ साली उघडलेल्या पॅरिसच्या ऑपेरागृहात मोझाईकचे काम करणारा जान दोमेनिको फाक्कीना हा सेक्वाल्सचाच. १९२२ साली स्पिलिम्बेर्गोत या कलेची शाळा निघाली. ती आजही चालू आहे.

आता यंत्राकडे वळू. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन कृत्रिम हिरा करू पाहत होता. हिरा झाला नाही, कार्बोरंडम झाले. त्या कठीण दगडाची चकती विजेच्या यंत्राला बसली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात आठवड्याची घासाई दिवसांवर आली. पितळेच्या पट्ट्या घालून चौकटी पाडू लागल्याने तडेही आवरले. फरशी स्वस्त झाली. शाळा, इस्पितळे, रेल्वेस्थानके यांतून ती सर्वसामान्यांच्या पायांखाली आली.

येथेच आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट घडली. अमेरिकेत फरशी घालणारा ‘कारागीर’ ठरला आणि घोटणारा ‘मदतनीस’. दोघांच्या संघटना निराळ्या आणि मजुरीही निराळी. एकाच खोलीत, एकाच फरशीवर काम करणारी ही दोन माणसे, पण कागदावर दोन जाती! विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मदतनिसांच्या संघटनेने आपल्या नावातला ‘मदतनीस’ शब्द टाकला आणि ‘फिनिशर’ हा शब्द घेतला. म्हणजे काम पुरे करणारा. कोणी म्हणेल, शब्द बदलून काय होते? त्याचे उत्तर थोड्या वेळाने देतो.

आपल्याकडे १९२२ सालीच फिरोजशहा सिधवा यांनी स्वदेशीच्या भावनेने भारत फ्लोअरिंग टाइल्स हा कारखाना काढला. १९३० ते १९५० च्या दरम्यान मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेने नव्या घाटाच्या इमारती उठल्या. त्यांच्या जिन्यांत टेराझो आहे. त्यांतील पुष्कळ इमारती २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. पुढे चाळीस-पन्नास वर्षे बँका, कचेऱ्या आणि गृहनिर्माण संस्था यांत मोझाईकच चालली. मग संगमरवर, ग्रॅनाइट आणि कारखान्यातल्या चकचकीत लाद्या आल्या आणि हा धंदा ओसरला.

काम कसे होते ते एकदा पाहावे. थर घालून काही दिवस पाणी मारायचे. मग ६० नंबरचा दगड लावून पहिला हात. त्यात उघडी पडलेली भोके त्याच रंगाच्या पातळ सिमेंटने भरायची आणि पुन्हा पाणी. मग १२० नंबर, पुन्हा भरणी, शेवटी ३२० नंबर. नंतर ऑक्झॅलिक आम्लाची भुकटी टाकून झळाळी आणायची. जिन्याच्या पायऱ्या आणि भिंतीचे कोपरे यांत यंत्र शिरत नाही. तेथे गुडघ्यांवर बसून हातात बट्टी. पायाखाली पांढरा लगदा, त्या लगद्यातूनच विजेची तार. सिमेंटने बोटांची साले निघतात. पाणी असेल तर धूळ बसते. पाणी नसेल, किंवा काम लवकर हवे असेल, तर कोरडेच घासतात. संगमरवराच्या तुकड्यांत सिलिका थोडी. वाळूत आणि गारगोटीत मात्र भरपूर. ती फुप्फुसात गेली की परत येत नाही.

आता त्या उत्तराकडे येतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या सभासदाला दम लागू लागला. सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी विचारले, “काका, काम काय करता?” तो म्हणाला, “बिगारी.” तीस वर्षे यंत्र धरलेला माणूस, पण मस्टरवर तेच लिहिलेले असे, म्हणून त्याने तेच सांगितले. क्षयाची औषधे सुरू झाली. खरे दुखणे कळायला दीड वर्ष गेले. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात सिलिकोसिसचा समावेश होता. परंतु धुळीचे काम केल्याचा पुरावा हवा. आम्ही ठेकेदाराकडे गेलो. त्याने मस्टर पुढे सरकवले आणि म्हणाला, “अहो, हा तर घमेली वाहणारा.” दावा उभा राहिला नाही. सभासद पुढच्या पावसाळ्यात गेला.

त्यात आमचीही चूक होती, ती येथे कबूल करतो. वीस वर्षे आम्ही मजुरीच्या आकड्यासाठी भांडलो आणि कामाच्या नावाकडे पाहिले नाही. १७०० साली इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला इतर प्रश्न विचारताना त्याचा धंदाही विचारा, असे त्याने वैद्यांना सांगितले. त्याच साली तो पादुआच्या विद्यापीठात गेला. पादुआ तेव्हा व्हेनिसच्या राज्यात होते. ज्या राज्यात फरशीवाल्यांचा संघ होता तेथला अध्यापक हे सांगतो, आणि आमचा माणूस तीनशे वर्षांनंतर आपला धंदाच सांगू शकत नाही!

त्यानंतर आम्ही प्रत्येक कामावर पहिली मागणी हीच ठेवली : मस्टरवर ‘मोझाईक पॉलिश कामगार’ असे लिहा. पैसे वाढवून मागत नाही, असे सांगूनही ठेकेदार हे लवकर मान्य करीत नसत. यावरूनच त्या शब्दाची किंमत आम्हांला कळली. काही ठिकाणी ते लिहिले गेले, पुष्कळ ठिकाणी नाही.

अलीकडे टेराझोची आवड पुन्हा परतते आहे. आनंद आहे. आपल्या घरात ही फरशी घालाल तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. घोटताना पाणी चालू आहे ना ते पाहावे, आणि यंत्र धरणाऱ्याला त्याचे नाव व काम विचारावे. त्याने ‘बिगारी’ म्हटले, तर ते दुरुस्त करावे.