प्रशिक्षण गरज विश्लेषण

प्रशिक्षण गरज विश्लेषण म्हणजे एखाद्या संस्थेच्या कामात नेमकी कोणती उणीव आहे, तिच्यापैकी कोणता भाग प्रशिक्षणाने भरून निघू शकतो आणि ते प्रशिक्षण कोणाला, कशाचे व केव्हा द्यावे, हे ठरविण्याची पद्धतशीर प्रक्रिया होय. मनुष्यबळ विकासाच्या क्षेत्रात ही प्रशिक्षणाची पहिली पायरी मानली जाते. प्रत्यक्षात मात्र अनेक संस्थांत आधी कार्यक्रम ठरतो, निधी येतो आणि मग प्रशिक्षणार्थींचा शोध सुरू होतो.

स्वरूप

विल्यम मॅक्गी आणि पॉल थेअर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६१ साली या विश्लेषणाची त्रिस्तरीय मांडणी केली. संस्था, काम आणि व्यक्ती हे ते तीन स्तर होत. संस्थेच्या स्तरावर उद्दिष्टे, साधने आणि येऊ घातलेले बदल तपासले जातात. कामाच्या स्तरावर एखादे काम नीट होण्यासाठी कोणते ज्ञान व कौशल्य लागते हे निश्चित केले जाते. व्यक्तीच्या स्तरावर ते कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हे पाहिले जाते. माहितीसाठी मुलाखती, प्रश्नावली, कामाचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि दप्तराची तपासणी यांचा आधार घेतला जातो. केवळ प्रश्नावलीवर विसंबल्यास लोकांना आवडणारे विषय पुढे येतात, लागणारे मागे राहतात.

प्रत्येक उणीव प्रशिक्षणाने दूर होत नाही. काम बिघडण्यामागे साधनांचा अभाव, अपुरे मनुष्यबळ, अस्पष्ट आदेश किंवा चांगल्या कामाची दखल न घेतली जाणे हीदेखील कारणे असतात. ज्याला काम येते पण ते करता येत नाही, अशा कर्मचाऱ्याला पुन्हा तेच शिकविल्याने संस्थेचा खर्च वाढतो आणि त्याचा प्रशिक्षणावरील विश्वास उडतो. म्हणून 'येथे प्रशिक्षणाची गरज नाही' हाही विश्लेषणाचा उपयुक्त निष्कर्ष ठरतो.

महाराष्ट्रातील शासकीय व्यवस्था

भारत सरकारने १९९६ साली राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण स्वीकारले व २०१२ साली ते नव्याने आखले. महाराष्ट्राचे राज्य प्रशिक्षण धोरण २०११ सालचे आहे. राज्यातील शिखर प्रशिक्षण संस्था असलेल्या पुणे येथील यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनीचे (यशदा) मूळ १९६३ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत आहे.

ग्रामपंचायत ही या व्यवस्थेतील सर्वात कठीण कसोटी म्हणावी लागेल. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली आणि महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. दर पाच वर्षांनी निवडून येणारे अनेक सदस्य पूर्णतः नवे असतात. सरपंचाला सभा चालविणे व अंदाजपत्रक समजणे आवश्यक असते, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला नमुना १ ते ३३ मधील नोंदी ठेवाव्या लागतात, तर पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला शुद्धीकरणाची मात्रा माहीत असावी लागते. या तिघांना एकाच सभागृहात बसवून दिलेले व्याख्यान कोणाच्याच गरजेशी जुळत नाही. नवनिर्वाचित सदस्यांचे प्रशिक्षण उशिरा झाल्यास पहिले अंदाजपत्रक न समजताच मंजूर होते.

कृषी निविष्ठा विक्रेते: एक उदाहरण

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. मिरचीची पाने आक्रसली की शेतकरी बहुधा प्रथम कृषी सेवा केंद्रात जातो. फुलकिड्यांमुळे पाने वरच्या बाजूस वळतात, कोळी किडीमुळे खालच्या बाजूस. पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा पर्णगुच्छ रोग विषाणुजन्य असल्याने लागण झालेले झाड औषधाने बरे होत नाही. कीटकनाशक आणि कोळीनाशक ही वेगळी औषधे आहेत. त्यामुळे विक्रेत्याने पान पाहून केलेले निदान चुकले, तर फवारणीचा खर्च वाया जातो आणि मधल्या दिवसांत पीक हातचे जाऊ शकते.

अशा दुकानाच्या कामाचे विश्लेषण केल्यास विक्रीकौशल्यापेक्षा पीकनिदान, औषधाची मात्रा आणि सुरक्षित हाताळणी या गरजा वर येतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने (मॅनेज) २००३ साली निविष्ठा विक्रेत्यांसाठी सुरू केलेली 'देसी' ही एक वर्षाची पदविका याच जाणिवेतून आली. तिच्या ४८ आठवड्यांत ४० वर्गसत्रे आणि ८ क्षेत्रभेटी असतात. सत्र आठवड्यातून एकदा, रविवारी किंवा स्थानिक बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी घेतले जाते. अभ्यासात त्या भागातील पिकांवर भर असतो. दुकान बंद ठेवून शिकायला येणे विक्रेत्याला परवडत नाही, हे वेळापत्रक आखतानाच गृहीत धरले गेले, ही या अभ्यासक्रमाची मोठी जमेची बाजू आहे. पुढे कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी शैक्षणिक पात्रतेची अट आल्यावर काही विक्रेते केवळ प्रमाणपत्रासाठी येऊ लागणे स्वाभाविक होते. एकाच वर्गातील दोघांची गरज अशा रीतीने वेगळी असू शकते.

प्रशिक्षणार्थींची निवड चुकल्यास काय होते, याची जाणीव २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात झालेल्या विषबाधेने करून दिली. फवारणीच्या हंगामात तेथे सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. कृषी मेळाव्यांना व चर्चासत्रांना प्रामुख्याने जमीनधारक येतात, पाठीवर पंप घेऊन फिरणारा बहुधा मजूर असतो. शिवाय हातमोजे व मुखपट्टी वापरावी हे ठाऊक असूनही उन्हात ती सहन होत नसेल किंवा मालकाने दिलीच नसेल, तर ती उणीव ज्ञानाची नाही, साधनांची आहे.

मूल्यमापन

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले: प्रतिसाद, शिकणे, वर्तनातील बदल आणि परिणाम. अनेक संस्थांचे मूल्यमापन पहिल्याच टप्प्यावर, म्हणजे शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्राय पत्रकावर थांबते. परिणाम मोजण्यासाठी आरंभीची स्थिती नोंदलेली असावी लागते. विक्रेत्यांच्या बाबतीत ती नोंद म्हणजे प्रशिक्षणापूर्वी त्यांनी दाखविलेल्या पानांवरून केलेली निदाने. वर्षअखेरीस तशीच पाने पुन्हा दाखवून दोन्हींची तुलना करता येते.