पवईची विद्यासंस्था आणि डॉ. केळकर

विद्यालयाची योग्यता त्याच्या इमारतींवरून ठरत नाहीं. तेथील अध्यापकाला किती मोकळीक आहे आणि त्या मोकळिकीची जबाबदारी तो कशी पेलतो, यावरून ती ठरते. हें तत्त्व ऐकावयास सोपें, पण अमलांत आणावयास कठीण. पवई येथील तंत्रविद्यासंस्थेचा इतिहास याची साक्ष देतो.

१९४५ मध्यें नेमलेल्या नलिनीरंजन सरकार समितीनें देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रशिक्षणसंस्था काढाव्या, अशी शिफारस केली. पहिली संस्था १९५१ मध्यें खरगपूर येथें निघाली. पश्चिमेकडील संस्थेसाठीं मुंबई राज्यानें पवई तलावाच्या परिसरांत ५५० एकर जमीन दिली. तिच्या आंखणीचें काम डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर यांच्याकडे आलें. १९०९ सालीं धारवाडास जन्मलेले केळकर लिव्हरपूलचे डॉक्टर होते आणि माटुंग्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत अध्यापन करीत होते.

त्या काळची रूढ पद्धति त्यांच्या परिचयाची होती. अभ्यासक्रम विद्यापीठानें आंखावा, प्रश्न परक्या परीक्षकानें काढावे आणि वर्गांतील अध्यापकानें त्या दोहोंच्या मध्यें निमूटपणें चालावें! नवा विषय शिकवण्याची उमेद असली, तरी परीक्षेंत त्याला स्थान नसे. मग विद्यार्थी तरी तो कां शिकेल?

जुलै १९५८ मध्यें वरळी येथील तात्पुरत्या जागेंत वर्ग सुरू झाले. ३,४०० हून अधिक अर्जदारांतून १०० विद्यार्थी निवडले गेले. १० मार्च १९५९ रोजीं पंडित नेहरूंनीं पवईस कोनशिला बसविली. युनेस्कोच्या द्वारें रशियाकडून यंत्रसामग्री व तज्ज्ञ आले. मात्र त्याच वर्षीं केळकरांना कानपूरच्या नव्या संस्थेचे पहिले संचालक म्हणून जावें लागलें.

१९६१ च्या कायद्यानें या संस्थांना स्वतःची पदवी देण्याचा अधिकार दिला. परंतु कायद्यानें मिळालेला अधिकार संचालकाच्या टेबलावरच पडून राहूं शकतो. केळकरांनीं तो वर्गापर्यंत पोंचविला. परदेशीं शिकलेले तरुण भारतीय अध्यापक त्यांनीं जमविले. जो शिकवील त्यानेंच प्रश्न काढावे व त्यानेंच उत्तरें तपासावीं, अशी रीत तेथें रुजली. भावी इंजिनियरांना मूलभूत शास्त्रांबरोबर मानव्यविद्यांचेंही शिक्षण मिळूं लागलें. नऊ अमेरिकन विद्यापीठांचें साहाय्य १९६२ पासून दहा वर्षें लाभलें. १९६३ मध्यें तेथें संगणकही आला. एका संस्थेस रशियाचें बळ, दुसरीस अमेरिकेचें. पण परकी यंत्रें जुनीं होतात, अध्यापकावर टाकलेला विश्वास मात्र पिढ्यान्पिढ्या फळ देतो. १९७० मध्यें केळकर संचालक म्हणून पवईस परतले आणि १९७४ पर्यंत त्यांनीं ती धुरा वाहिली. ज्या संस्थेचा आराखडा त्यांनीं केला होता, तिचा कारभार पाहण्याचा योग असा त्यांना आला.

आज घाटकोपर, विलेपारलें येथील कांहीं महाविद्यालयांसही स्वायत्तता मिळाली आहे. तेथील प्राचार्यांपुढें प्रश्न तोच आहे. विद्यापीठाच्या कचेरींतून निघालेला अधिकार प्राचार्यांच्या कचेरींतच थांबला, तर केवळ शिक्का बदलेल. तो अध्यापकाच्या हातीं पडला, तरच शिक्षण बदलेल.